गेम सर्व्हरच्या एरर नोंदी आणि ई-मेल: कोणत्या ओळीवर मेल यावा?

प्रश्न धुळ्याहून आला आहे. विचारणारा तरुण टेरोडॅक्टिल पॅनलवर (गेम सर्व्हर ब्राउझरमधून सांभाळायचा प्रोग्रॅम) माइनक्राफ्टचे सर्व्हर भाड्याने देतो. यंत्रं मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, गिऱ्हाईक म्हणजे धुळे, शिरपूर, अमळनेर, भुसावळकडची कॉलेजची पोरं. नोंदींमध्ये (लॉगमध्ये) 'एरर' शब्द दिसला की मेल पाठवायचा, अशी स्क्रिप्ट त्याने लावली. एका संध्याकाळी इतके मेल सुटले की मेल पुरवणाऱ्याने खातंच अडवलं. दुसऱ्या दिवशी एक सर्व्हर खरोखर बंद पडला, तेव्हा मात्र एकही मेल आला नाही. गिऱ्हाइकाचाच फोन आला, "भाऊ, सर्व्हर बंद पडी गया". आता त्याला विचारायचं आहे की नेमक्या कोणत्या एररवर मेल लावू.

भाऊ, एररच्या यादीपासून सुरुवात केलीत तर ती यादी कधी संपणार नाही. प्रत्येक प्लगिन (सर्व्हरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) आणि प्रत्येक मॉडपॅक (गेम बदलणाऱ्या फाइलींचा संच) आपापल्या तऱ्हेने ओरडतो, आणि दर महिन्याला नवा येतो. आधी हे ठरवा की मेल आल्यावर कोण उठणार आणि काय करणार. काही गोष्टी तुम्हालाच, आणि ताबडतोब कराव्या लागतात. काही तुमच्याच, पण सकाळी चहा झाल्यावर केल्या तरी चालतात. बऱ्याचशा गोष्टी गिऱ्हाइकाच्या हातच्या असतात, त्याने टाकलेलं प्लगिन त्यानेच काढायचं असतं. उरलेल्या ओळींवर कोणीच काही करायचं नसतं. त्या नोंदीत राहू द्याव्यात, मेलमध्ये आणू नयेत. मेल ही माणसाला दिलेली कामाची चिठ्ठी आहे एवढं धरून चाललात की पुढचे निर्णय सोपे होतात.

त्या संध्याकाळचा हिशेब बघा. प्लगिन चालवणाऱ्या बकिट, स्पिगॉट, पेपर या घराण्यातल्या सर्व्हरवर एखादं प्लगिन बिघडलं की 'कुड नॉट पास इव्हेंट' अशी एररची ओळ येते. ते प्लगिन खेळाडूच्या चालण्यावर नजर ठेवणारं असेल, तर खेळाडू हलेल तेव्हा तेव्हा ती ओळ पडते. गेम सेकंदाला २० टिक्सवर (ठोक्यांवर) चालतो, म्हणजे एका चालत्या खेळाडूमागे सेकंदाला २० पर्यंत एरर. दहा पोरं धावत असली तर सेकंदाला २००, मिनिटाला १२,०००, आणि प्रत्येकीखाली वीस-तीस ओळींचा स्टॅक ट्रेस, म्हणजे एरर कोडमध्ये कुठून कुठे आली त्याचा माग. जीमेलच्या साध्या खात्याची दिवसाची मर्यादा ५०० मेलची आहे. ती अडीच सेकंदांत संपते. आणि एवढ्या आरडाओरड्यात गेम बहुतेक वेळा मजेत चालू असतो. पोरांना कळतही नाही.

उलट ज्या ओळीमुळे पोरं खरोखर वैतागतात, ती एरर पातळीची नसतेच. 'कान्ट कीप अप! इज द सर्व्हर ओव्हरलोडेड?' ही ओळ वॉर्न (नुसत्या सावधगिरीच्या) पातळीवर येते. सर्व्हर आपल्या वेळापत्रकाच्या दोन सेकंदांहून जास्त, म्हणजे ४० टिक्स मागे पडला की ती येते, आणि एकदा आली की निदान पंधरा सेकंद पुन्हा येत नाही. म्हणजे कितीही वाईट अवस्था असली तरी मिनिटाला चारच ओळी. सर्व्हर नुकताच सुरू झाला, कोणी नव्या भागात शिरलं, की एखाददुसरी येते आणि जाते, तिच्याकडे बघू नका. पण पाच मिनिटांत दहा ओळी आल्या तर खेळ खेळण्याजोगा राहिलेला नाही असं समजा. नियम लावायचा तर असा, मोजणी आणि काळ दोन्ही धरून. एरर, वॉर्न ही लेबलं लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरच्या अंदाजाने पडलेली असतात. तुमच्या धंद्याला किती इजा झाली ते त्यांना ठाऊक नसतं.

आता मुख्य मुद्दा. तुमचा सर्व्हर खरोखर बंद पडला त्या दिवशी मेल न येण्याचं कारण फक्त अडवलेलं खातं असेल असं मला वाटत नाही. बहुतेक वेळा त्या मरणाची ओळ गेमच्या नोंदीत नसतेच. समजा गिऱ्हाइकाने ४ जीबीचा प्लॅन घेतला. कंटेनरची (सर्व्हर चालतो त्या बंदिस्त डब्याची) मर्यादा ४ जीबी, आणि जावाच्या हीपची (गेमचा डेटा राहतो त्या मेमरीची) कमाल मर्यादाही ४ जीबीच दिलेली. पण जावाला हीपबाहेरही मेमरी लागते: थ्रेड्सना, क्लासेसना, नेटवर्कच्या बफरना, कचरा गोळा करणाऱ्या यंत्रणेला. हीप भरत आली की एकूण बेरीज ४ जीबीच्या वर जाते आणि लिनक्सचा कर्नल (यंत्रणेचा गाभा) त्या प्रोसेसला जागच्या जागी मारतो. जावाला शेवटचा शब्दही लिहायची सवड मिळत नाही. लेटेस्ट लॉग (गेमच्या चालू नोंदीची फाइल) उघडलात तर शेवटची ओळ कोणाच्या तरी गप्पांची असते, आणि पुढे काहीच नाही. 'आउट ऑफ मेमरी एरर: जावा हीप स्पेस' ही जी प्रसिद्ध ओळ आहे, ती हीप आतल्या आत संपली तर येते. कर्नलने बाहेरून मारलं तर नाही.

त्याचा पुरावा दोन ठिकाणी सापडतो. एक कर्नलच्या नोंदीत, आणि दुसरा एक्झिट कोडमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम बंद होताना मागे ठेवतो त्या आकड्यात: १३७. हा आकडा पाठच करून ठेवा. १२८ अधिक ९, आणि ९ म्हणजे सक्तीने मारण्याचा सिग्नल. टेरोडॅक्टिलचा विंग्ज हा डीमन (यंत्रावर मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) गेम सर्व्हर कोसळला की कन्सोलवर एक्झिट कोड आणि 'आउट ऑफ मेमरी' खरं की खोटं, या दोन्ही गोष्टी छापतो. तो आपोआप पुन्हा सुरूही करतो, पण मागचं कोसळणं ६० सेकंदांच्या आतलं असेल तर हात वर करतो आणि 'अबॉर्टिंग ऑटोमॅटिक रीस्टार्ट' असं लिहून थांबतो. माझ्या मते साऱ्या नोंदींत ताबडतोब मेल पाठवण्याजोगी पहिली ओळ हीच. यानंतर माणसाने हात लावल्याशिवाय तो सर्व्हर उठणार नाही हे नक्की असतं. एकदाच कोसळून आपोआप उठला, तर ते सकाळच्या गोषवाऱ्यात जाऊ द्या. आणि हो, या दुखण्याचं मूळ औषध मेल नाही. हीपची मर्यादा कंटेनरच्या मर्यादेपेक्षा चांगली खाली ठेवा, मोठ्या मॉडपॅकला १ जीबीच्या आसपास मोकळी सोडा. निम्मे मेल तिथेच थांबतील.

विंग्ज स्वतः पडला तर? इथे एक बारकावा आहे, तो नीट वाचा. सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेत) 'ऑनफेल्युअर' लावून मेल पाठवता येतो आणि तो लावावाच. पण ज्या सेवेला आपोआप पुन्हा सुरू होण्याची सूचना दिलेली असते, ती सेवा 'फेल्ड' अवस्थेत जाते ती पुन्हा सुरू करण्याची मर्यादा संपल्यावरच. विंग्जच्या अधिकृत सर्व्हिस फाइलमध्ये ही मर्यादा १८० सेकंदांत ३० वेळा आहे, आणि दर वेळी मध्ये ५ सेकंदांची विश्रांती. गणित करा: ३० विश्रांतीच १५० सेकंद खातात. विंग्ज दर वेळी सुरू होऊन एका सेकंदापेक्षा जास्त तग धरून पडत असेल तर १८० सेकंदांत ३० फेऱ्या पूर्णच होत नाहीत. तो रात्रभर पडत-उठत राहील आणि मेल कधीच येणार नाही. मूळ फाइलला हात न लावता ओव्हरराइडमध्ये (तिच्यावर चढवलेल्या वेगळ्या फाइलमध्ये) ही मर्यादा ५ वर आणा, म्हणजे अर्ध्या-पाऊण मिनिटात मेल सुटेल. त्या मेलच्या मजकुरात हेही लिहा की विंग्ज पडला तरी डॉकरमधले (कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रॅममधले) गेम चालूच असतात, फक्त पॅनलवर ते बंद दिसतात. नाहीतर रात्री अर्धवट झोपेत माणूस अख्खं यंत्रच रीबूट करतो आणि खेळत असलेल्या शंभर पोरांना बाहेर काढतो.

नोंदींवर अवलंबून राहता येणार नाही असा आणखी एक प्रकार म्हणजे शांतता. सर्व्हर अडकला, नेटवर्क तुटलं, यंत्रच गेलं, तर एररही येत नाही आणि काहीच येत नाही. 'नोंद थांबली की मेल' असा नियम लावावासा वाटेल, पण लहान सर्व्हरची नोंद आपली आपणच तासन् तास गप्प असते. दुपारी कोणी खेळत नसतं, आणि नव्या आवृत्त्यांत रिकामा सर्व्हर मिनिटभराने स्वतःहून थबकतो. त्यापेक्षा बाहेरून विचारा. जावा आवृत्तीचा सर्व्हर २५५६५ या पोर्टवर खेळाडूंना दिसणाऱ्या सर्व्हरच्या यादीसाठी जी चौकशी होते तिला उत्तर देतो: आवृत्ती, किती जण आत आहेत, वगैरे. तुमच्याकडे एका यंत्रावर अनेक सर्व्हर असल्याने पोर्ट वेगवेगळे असतील, ते पॅनलच्या एपीआयमधून (प्रोग्रॅमने माहिती मागायच्या सोयीतून) घ्या. बेडरॉक (मोबाइल वगैरेवर चालणारी आवृत्ती) असेल तर यूडीपी १९१३२. मिनिटाला एकदा विचारायचं, लागोपाठ तीनदा उत्तर आलं नाही तर मेल.

ही चौकशी धुळ्यातल्या घरच्या कॉम्प्युटरवरून करू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, दुपारी वीज जाते, रस्त्याच्या कामात फायबर तुटते. मग मुंबईतला सर्व्हर ठणठणीत असताना तुमचाच राउटर बंद म्हणून मेल सुटतील, आणि तुम्ही हळूहळू त्या मेलकडे बघणं सोडून द्याल. दुसऱ्या कंपनीकडचा, दुसऱ्या शहरातला एखादा लहानसा भाड्याचा सर्व्हर या कामाला पुरतो. तोच पहारेकऱ्याचं दुसरं कामही करेल: नोंदी वाचणारी तुमची स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी त्याला 'मी जिवंत आहे' असा निरोप पाठवेल, आणि निरोप चुकला की तो मेल टाकेल. इशारे देणारी यंत्रणाच मेली तर सांगणार कोण, हा प्रश्न यातून सुटतो.

डिस्कचं थोडक्यात सांगतो, पण हलकं घेऊ नका. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' ही ओळ दिसली याचा अर्थ जगाचे तुकडे जतन होत नाहीत, पोरांनी महिनाभर बांधलेली घरं जाऊ शकतात. आणि डिस्क भरल्यावर त्याच यंत्रावरची मेलची रांगही लिहिता येत नाही, म्हणजे ज्या क्षणी मेल हवा त्याच क्षणी तो अडकतो. म्हणून ओळीची वाट न बघता ८५ टक्क्यांवर सकाळचा मेल, ९५ वर ताबडतोबचा. आयनोडही (प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदीच्या जागा) तपासा. लहान फाइलींचा खच असला तर जागा शिल्लक असूनही तेच संपतात. डिस्क भरण्याचं कारण अनेकदा तीच बेफाम एरर नोंद असते, हे वेगळं सांगायला नको.

तुमच्यासारख्या एकट्याने चालवलेल्या सेवेला मी हाच क्रम सांगेन: आधी बाहेरची चौकशी, मग डिस्क, मग विंग्ज आणि एक्झिट कोड. एवढं झाल्यावरच गेमच्या नोंदी वाचायला घ्या. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात, कारण नोंद समोर दिसते.

नोंद वाचताना पहिली काळजी अशी की ओळ सुरुवातीपासून तपासा. लेटेस्ट लॉगमध्ये ओळीचा साचा बहुधा असा असतो: आधी चौकटी कंसात वेळ, मग दुसऱ्या चौकटी कंसात थ्रेडचं नाव आणि पातळी, मग अपूर्णविराम (:) आणि मजकूर. पोरांच्या गप्पाही त्याच नोंदीत पडतात. कोणी चॅटमध्ये 'एरर' लिहिलं की तुमची स्क्रिप्ट जागी होते, आणि हे एखाद्याला कळलं की तो मुद्दाम शंभरदा लिहितो. पातळी फक्त दुसऱ्या कंसातूनच वाचायची, मजकुरातून नाही.

नोंदीतला मजकूर अंशतः परक्या माणसाने लिहिलेला असतो याची किंमत डिसेंबर २०२१ मध्ये साऱ्या जगाने मोजली. लॉगफोरजे या जावाच्या नोंद लिहिणाऱ्या लायब्ररीतली ती त्रुटी, सीव्हीई-२०२१-४४२२८, माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक ओळ टाकूनही वापरता येत होती. नोंद लिहिली गेली की सर्व्हर बाहेरचा कोड ओढून आणायचा. गंभीरतेचे गुण १० पैकी १०. माइनक्राफ्टने १.१८.१ ही आवृत्ती त्यासाठी तातडीने काढली. कोणी गिऱ्हाईक अजून त्याआधीची आवृत्ती दुरुस्तीशिवाय चालवत असेल तर आजच त्याच्याशी बोला. तुमच्या स्क्रिप्टपुरता धडा असा: नोंदीतला मजकूर शेलच्या कमांडमध्ये कधीही जोडू नका, मेल साध्या मजकुरात पाठवा, एचटीएमएलमध्ये नको, आणि विषयाच्या ओळीत नोंदीतलं काही घालणार असाल तर नव्या ओळीची चिन्हं आधी काढून टाका.

त्याहून कमी बोलली जाणारी गोष्ट फाइलीची. लेटेस्ट लॉग गिऱ्हाइकाच्या फोल्डरमध्ये असतो आणि त्या फोल्डरवर त्याचा हक्क असतो. तो फाइल पुसू शकतो, किंवा तिच्या जागी दुसऱ्याच फाइलकडे बोट दाखवणारा दुवा ठेवू शकतो. तुमची स्क्रिप्ट रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून चालत असेल तर ती निमूटपणे त्या दुव्यामागे जाईल आणि यंत्राची गुपितं मेलमध्ये पाठवेल. म्हणून शक्यतो गेमचा कन्सोल डॉकरच्या नोंदीतून किंवा विंग्जच्या वेबसॉकेटमधून (सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीतून) घ्या. फाइलच वाचायची असेल तर अधिकार नसलेल्या वेगळ्या युजरखाली वाचा आणि दुव्यामागे जाऊ नका. टेल (फाइलीच्या शेवटच्या ओळी दाखवत राहणारी कमांड) वापरत असाल तर मोठ्या एफचा पर्याय द्या, लहान एफचा नाही. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की जुनी फाइल नाव बदलून दाबून ठेवली जाते, आणि लहान एफ त्या जुन्या फाइलीलाच धरून बसतो.

स्टॅक ट्रेस हा अनेक ओळींचा एकच प्रसंग असतो. वेळेच्या कंसाने सुरू होणारी ओळ म्हणजे नवी नोंद, बाकीच्या साऱ्या आधीच्या नोंदीच्या शेपटीला जोडायच्या. त्यात 'कॉज्ड बाय' (अमुक कारणाने) अनेकदा येतं. शेवटचं 'कॉज्ड बाय' हे बहुधा मूळ दुखणं, मेलमध्ये तेच दाखवा.

मग प्रत्येक प्रसंगाची ओळख तयार करा: कोणता सर्व्हर, कोणत्या जातीचा एक्सेप्शन (जावातली एरर), आणि ट्रेसमधली पहिली अशी ओळ जी जावाची किंवा मूळ गेमची नसून प्लगिनची आहे. खेळाडूंची नावं, आकडे, जागेचे निर्देशांक, यूयूआयडी (लांबलचक ओळख क्रमांक) हे सगळं आधी गाळून टाका, नाहीतर एकाच दुखण्याच्या हजार ओळखी होतात. ओळख पहिल्यांदा दिसली तर एक नोंद, पुढच्या साऱ्या फक्त मोजायच्या. त्या १२,००० एरर मग सकाळच्या मेलमध्ये एका ओळीत मावतात: अमुक प्लगिन, अमुक वाजल्यापासून, इतक्या वेळा.

ताबडतोबच्या मेलसाठी ओळींपेक्षा अवस्था धरा. सर्व्हर चालू, रेंगाळलेला, बंद: अवस्था बदलली की मेल, तीच राहिली तर नाही. परत चालू झाला की 'सुरळीत' असा मेल नक्की पाठवा. ज्याने आधीचा मेल बघितलाय त्याला पुन्हा लॉगिन करून खात्री करावी लागू नये. प्रोमिथियस या देखरेख प्रणालीचा अलर्टमॅनेजर (इशारे पाठवणारा भाग) वापरलात तर हे सगळं तयार मिळतं. त्याचे मूळ आकडे शहाणे आहेत: पहिला मेल टाकण्याआधी ३० सेकंद थांबून सोबतचे इशारे गोळा करतो, त्याच गटात नवं काही आलं तर ५ मिनिटांनी, आणि तेच दुखणं चालू राहिलं तर ४ तासांनी आठवण. मात्र ई-मेलच्या बाबतीत 'सुटलं' असा निरोप पाठवणं मुळात बंद असतं, ते चालू करा. आणि गट नोडनुसार, म्हणजे यंत्रानुसार, करा. एक यंत्र गेलं की त्यावरचे चाळीस सर्व्हर एकदम जातात, तेव्हा एकच मेल यायला हवा आणि त्यात यंत्राचं नाव हवं. एक-दोनच नोड असतील तर एवढा पसारा मांडू नका. पायथनची शंभर-दीडशे ओळींची स्क्रिप्ट आणि अवस्था लिहून ठेवायला एक एसक्यूलाइटची (छोट्या डेटाबेसची) फाइल, काम भागतं.

मेल कसा दिसावा? शनिवारी संध्याकाळी सर्वाधिक पोरं खेळत असतात, आणि हिवाळ्यातल्या शनिवारी तुम्ही कोणाच्या तरी मळ्यात भरीत पार्टीला असता. हातात मोबाइल, रेंज एक काडी. तिथे उघडून समजेल असा मेल हवा:

विषय: बंद | नोड २ | शिरपूर सर्व्हायव्हल | मेमरी, आपोआप उठला नाही

कधीपासून: शनिवार, रात्री ८:४१, भारतीय वेळ
काय झालं: एक्झिट कोड १३७, आउट ऑफ मेमरी खरं. ६० सेकंदांत दुसऱ्यांदा पडला, विंग्जने पुन्हा सुरू करणं थांबवलं.
कोणाला त्रास: पडताना ११ खेळाडू आत होते.
याच नोडवरचे बाकी सर्व्हर: १७ पैकी १७ चालू.
आधी हे करा: हीपची मर्यादा कंटेनरपेक्षा कमी आहे का ते बघा, मग पॅनलमधून सुरू करा.
कन्सोलच्या शेवटच्या ५ ओळी: (इथे त्या ओळी)

विषयातला पहिला शब्द अवस्थेचा, कारण मोबाइलच्या पट्टीवर तेवढंच दिसतं. वेळ भारतीयच लिहा. सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो, साडेपाच तास मागे, आणि लेटेस्ट लॉगच्या ओळींत बहुधा तारीखही नसते. रात्री ८:४१ चं दुखणं नोंदीत १५:११ वाजता सापडतं. 'बाकी सर्व्हर चालू' ही ओळ मला फार मोलाची वाटते. तिच्यामुळे ताटावरून उठायचं की जेवून उठायचं ते ठरतं.

आता मेल पोचण्याचं. भाड्याच्या यंत्रावरून स्वतः मेल पाठवायच्या फंदात पडू नका. बहुतेक पुरवठादार बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्ट बंद ठेवतात, आणि उघडून घेतलं तरी नव्या आयपीवर कोणी विश्वास ठेवत नाही. एखाद्या मेल रिले सेवेकडे (तुमच्या वतीने मेल पोचवणाऱ्या) ५८७ पोर्टवरून द्या. यंत्रावर एमएसएमटीपीसारखा छोटा प्रोग्रॅम पुरतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरोखर त्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या खुणा) हवंच असतं, आणि दिवसाला ५,००० च्या वर मेल टाकणाऱ्यांकडून दोन्ही आणि वर डीमार्क (त्या खुणा जुळल्या नाहीत तर काय करायचं त्याचा नियम). तुम्ही तिन्ही लावा, तासाभराचं काम आहे. इशाऱ्यांसाठी वेगळा सबडोमेन ठेवा. एखाद्या दिवशी पूर आलाच तर बिलांच्या आणि पासवर्ड बदलण्याच्या मेलची पत खराब होऊ नये. आणि स्क्रिप्टमध्येच कडक मर्यादा घाला: तासाला वीस मेल, विसाव्यात लिहायचं की पुढचे रोखले आहेत. ही एक ओळ असती तर तुमचं खातं अडलं नसतं. ज्या पेटीत इशारे येतात ती पेटी त्याच यंत्रावर नको, हे तर आलंच.

मेलने झोपमोड होत नाही हेही लक्षात घ्या. रात्री दोन वाजता माणूस उठायलाच हवा अशा गोष्टी माझ्या मते तीनच: नोड गेला, डिस्क भरली, एकाच वेळी अनेक सर्व्हर बंद. त्यांच्यासाठी मेलच्या जोडीला टेलिग्रामचा बॉट लावा, किंवा अँड्रॉइडवर जीमेलमध्ये त्या लेबलपुरता वेगळा आवाज लावा. गिऱ्हाइकाचा एकटा सर्व्हर रात्री दोनला रेंगाळतोय, तर सकाळपर्यंत काही बिघडत नाही. पोरांनी तेव्हा झोपलेलंच बरं.

गिऱ्हाइकाच्या कामाचे मेल गिऱ्हाइकाला, दिवसातून फार तर एक, आणि मराठीत. त्याला स्टॅक ट्रेस पाठवून उपयोग नाही. 'तुमच्या सर्व्हरवरचं अमुक प्लगिन काल रात्री नऊपासून बिघडलं आहे, खेळ चालू आहे, प्लगिनची नवी आवृत्ती टाका किंवा ते काढून सर्व्हर पुन्हा सुरू करा' एवढं पुरे. नको असेल तर बंद करायची सोय त्याच मेलमध्ये द्या. असा मेल मिळाल्यावर बरीच पोरं स्वतः दुरुस्त करतात. पुढे यातलीच काही तुमच्याकडे कामाला येतील.

गिऱ्हाइकाला किंवा स्वतःलाही मेल पाठवण्याआधी नोंदीतून दोन गोष्टी पुसा. खेळाडू आत आला की त्याच्या नावाशेजारी आयपी पत्ता लिहिला जातो, आणि डेटाबेसशी जोडणी फसली की काही प्लगिन पासवर्डसकट पत्ता ट्रेसमध्ये ओकतात. तुमचे खेळाडू बहुतांश अठराच्या आतले आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्यांना मूल मानून जास्त संरक्षण दिलं आहे. पण कायद्याआधी साधी गोष्ट बघा: भांडलेल्या पोराच्या हाती दुसऱ्याचा आयपी गेला की संध्याकाळी त्याच्या घरच्या जोडणीवर हल्ला होतो. १.२०.२ पासून सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये आयपी न लिहिण्याचा पर्याय आहे, तो प्लॅनच्या मूळ साच्यातच लावून टाका.

हे सगळं उभं केल्यावर एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी, पोरं शाळा-कॉलेजात असताना, मुद्दाम बिघाड करून बघा. एका रिकाम्या सर्व्हरला कंटेनर ५१२ एमबीचा द्या आणि हीपची मर्यादा २ जीबी, म्हणजे तो १३७ ने पडेल. विंग्ज बंद करा. एखादी अवाढव्य फाइल टाकून डिस्क ९५ टक्क्यांवर न्या. बाहेरच्या चौकीदाराची वायरच काढा, म्हणजे त्याचा प्रोग्रॅम थांबवा. प्रत्येकाचा मेल किती मिनिटांत आला आणि 'सुरळीत'चा आला का, हे वहीत लिहा. पॅनल किंवा विंग्ज अपडेट केल्यावर हेच पुन्हा करा, कारण कन्सोलवरच्या ओळींचे शब्द बदलले की तुमचे नियम कोणताही आवाज न करता निकामी होतात. महिनाअखेरीस इशाऱ्यांची पेटी उघडून बसा. ज्या नियमाचे मेल आले आणि तुम्ही एकदाही काही केलं नाही, तो ताबडतोबच्या यादीतून काढून सकाळच्या गोषवाऱ्यात टाका. आणि ज्या वेळी गिऱ्हाइकाचा फोन मेलच्या आधी आला, त्या प्रत्येक वेळेसाठी एक नवा नियम लिहा.